खाडीबाहेरचं जहाज

सुन्निवा वर्षातले चार महिने डोंगरावर राहायची. जून लागला की साठ शेळ्या घेऊन वर जायचं आणि सप्टेंबरात पहिलं बर्फ भुरभुरलं की खाली यायचं, हे तिच्या घरात सात पिढ्या चालत आलेलं. वर एक दगडी गोठा, एक खोली आणि शेळीच्या दुधाची निवळी आटवून चीज करायची भली थोरली कढई. खाली, अगदी पायाखाली म्हणावी इतकी सरळ खाली, खाडी. खाडीच्या टोकाला ऑस्तेविक गाव, आणि गावाच्या धक्क्याला उन्हाळाभर लागणारी पांढरी पर्यटनजहाजं. एकेक जहाज गावाच्या दसपट माणसं घेऊन यायचं.

वरून ती जहाजं खेळण्यासारखी दिसायची. त्यांचा धूर मात्र खेळण्यातला नव्हता. वारा पडलेल्या दिवशी तो दोन्हीकडच्या कड्यांमध्ये अडकून राहायचा, दुधावर साय धरावी तसा. निळसर साय, आणि ती नेमकी सुन्निवाच्या गोठ्याच्या उंचीवर धरायची. शेळ्या खोकायच्या. वाळत टाकलेल्या फडक्यांना तेलकट वास यायचा.

म्हणूनच विद्यापीठातल्या दोन माणसांनी तिच्या भिंतीवर एक करडी पेटी बसवली. पेटी हवा ओढायची, आतल्या कागदावर काजळी धरायची. दर सोमवारी कागद बदलायचा, वाऱ्याची दिशा लिहायची, पाकीट खाली पाठवायचं. सुन्निवाने ते काम धार काढण्याच्या नेमाने अंगावर घेतलं. तिचा धाकटा भाऊ एंब्रिक धक्क्यावर जहाजांचे दोर बांधायचा. तो म्हणायचा, "मी त्यांना बांधून घेतो आणि तू वर बसून त्यांच्या चहाड्या लिहितेस. एकाच आईची लेकरं आपण."

त्याच उन्हाळ्यात हानुस वर आला. चीज विकत घ्यायला.

बिनवाऱ्याचा बुधवार होता. आडव्या बांध्याचा, पन्नाशीला टेकलेला माणूस पायवाटेने धापा टाकत आला, दारातल्या पिंपातलं पाणी ओंजळीने प्यायला आणि मग मागे वळून पाहिलं. त्याची कातडी बारा महिने पाण्याच्या पातळीखाली काम करणाऱ्यासारखी फिकट होती. 

"ते काय आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"तुमचं जहाज."

"जहाज ओळखलं मी. त्याच्या वरचं."

"तेही तुमचंच."

तो त्या जहाजावर दुय्यम इंजिनियर होता. फेरो बेटांवरचा. त्याचे उच्चार घोळून यायचे, पण कान दिला की सगळं समजायचं. तीस वर्षं इंजिनाशेजारी काढली, म्हणाला, नुसत्या आवाजावरून तेल नीट जळतंय का ते सांगू शकतो, पण जळून झाल्यावर ते जातं कुठे हे कधी बघायला आलो नव्हतो. एवढं बोलून तो दगडावर बसून राहिला. जाताना चीजच्या दोन वड्यांचे पैसे दिले आणि एकच वडी घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी जहाज पुन्हा आलं, तेव्हा तो राहिलेली वडी न्यायला आला.

जहाज धक्क्याला आठ तास थांबायचं. त्यातले चार तास त्याचे. चढायला दीड, उतरायला एक. मधल्या दीड तासासाठी तो दर फेरीला वर येऊ लागला. कधी दूध काढायच्या यंत्राचा पंप खोलून बस, कधी दाराची बिजागरी तेलव. त्याचे हात रिकामे राहायचे नाहीत. आपल्या बेटावरचं वाऱ्यावर वाळवलेलं मटण त्याने एकदा आणलं. त्याच्या वासाने सुन्निवाने खोलीची खिडकी उघडली. दुसऱ्या वेळी तिने एक काप चाखून पाहिला, तिसऱ्या वेळी मागून घेतला. तोवर दोघं अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आली होती; कोण आधी आलं ते दोघांनाही आठवलं नसतं.

प्रेमाबिमाचं कुणी काही बोललं नाही. सुन्निवा एकदा लग्न करून मोकळी झालेली, त्यालाही बारा वर्षं झाली होती. हानुसची बायको वारली होती. पण ऑगस्टात एकदा तो रात्रपाळी करून तसाच वर आला आणि कॉफीचा पेला हातात असतानाच बाकावर झोपला. कढईत निवळी आटत होती. खवा आटवावा तशी ती सारखी हलवावी लागते, हात थांबला की संपलं. सुन्निवाने त्याच्या हातातला पेला अलगद काढून घेतला आणि तिथेच बसली. त्याच्या कपाळावर काळ्या तेलाचा एक ठिपका होता. तो पुसावा की राहू द्यावा, हे ठरवण्यात किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. जळका वास खोलीभर झाला तेव्हा ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिची निवळी लागली. कढई घासताना तिला समजलं की आपलं काही खरं नाही.

हिवाळ्यात जहाजं दक्षिणेच्या उबदार समुद्रात जायची. हानुस रविवारी फोन करायचा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बुधवार सुरू झाले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो नवीन जहाजावर आला, गॅसवर चालणाऱ्या.

ते त्याने स्वतः मागून घेतलं होतं. तुझ्या दगडावर बसून जे बघितलं ते डोक्यातून जाईना, म्हणाला. पन्नाशी ओलांडल्यावर पोरांच्या शेजारी बाकावर बसून सहा महिने शिकला, परीक्षा दिली. जूनच्या पहिल्या बुधवारी तो पायवाट जवळजवळ धावतच चढला, सुन्निवाला हाताला धरून कड्यापर्यंत घेऊन गेला. खाली जहाज धक्क्याला होतं आणि हवा आरशासारखी होती. पलीकडच्या कड्यावरचं एकेक बर्चचं झाड मोजता येत होतं. त्या आठवड्यात दुसरं जहाज आलं नव्हतं, आणि पेटीतला कागद आठवडाभर पांढरा राहिला. एंब्रिक सगळ्या गावाला सांगत सुटला की बहिणीच्या पेटीत आता चिमण्यांनी घरटं करायला हरकत नाही.

तो त्यांचा सगळ्यात चांगला उन्हाळा. दिलेलं काम चोख करून आलेल्या माणसाचा हलकेपणा हानुसच्या अंगात होता. तो गायचासुद्धा, बेसूर.

चौथ्या वर्षी तो गाणं विसरला. सुन्निवाला वाटलं, दुखतंय खुपतंय का काही. ऑगस्टात एका दुपारी तो पेटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हिला माझं जहाज दिसतच नाही."

"म्हणजे चांगलंच की."

"काजळी दिसते हिला. आमच्याकडून काजळी जात नाही. जातं ते वेगळं." मग त्याने तिला सगळं उलगडून सांगितलं. मोकळ्या समुद्रात जहाज धावतं तेव्हा गॅस नीट जळतो. इथे खाडीत जहाज रांगतं. रांगताना इंजिनाला जोर नसतो, आणि मग थोडा गॅस न जळताच धुरांड्यातून निसटतो. रंग नाही, वास नाही. पण हवा तापवायच्या कामी तो धुराच्या कितीतरी पट वाईट. वर हिमनदी दरसाल मागे सरकतेय, ती अशा गोष्टींनी. "मी डोळ्यांदेखतचा कचरा उचलला, सुन्निवा, आणि पलंगाखाली ढकलला."

तिने विचारलं, कंपनीला माहीत आहे का. तो म्हणाला, आकडे सगळ्यांच्या समोर असतात. कुणी विचारत नाही, मग कुणी सांगत नाही.

त्याच शरद ऋतूत प्रश्न विचारला जाणार होता. खाडीत धूर सोडणाऱ्या जहाजांना बंदी करायचं सरकारने ठरवलं होतं. वाद एवढाच होता की गॅसच्या जहाजांना आणखी दहा वर्षं सूट द्यायची की नाही. गावच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली होती आणि पेटीवाली म्हणून सुन्निवाचं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत होतं. सूट मिळाली तर हानुस येत राहणार. नाही मिळाली तर नाही. हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता.

त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या फेरीला हानुसने वहीतून फाडलेली चार पानं तिला दिली. खाडीतला वेग, इंजिनावरचा जोर, निसटलेला गॅस, फेरीगणिक. माझं नाव घेऊ नकोस, म्हणाला. तिने पानं परत त्याच्यापुढे धरली.

"हे वाचलं तर तू पुन्हा इथं येणार नाहीस."

"माहीत आहे."

"आणि तरी तूच देतोयस."

"मी दिलं नाही तर मी दर बुधवारी तुझ्या शेळ्यांच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?" तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "तुझ्या मनात नसेल तर चुलीत घाल. मी कधी विचारणार नाही."

तो खरंच विचारणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून ते जास्त कठीण झालं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी एंब्रिक वर आला, शेळ्या खाली न्यायला मदत म्हणून. दोर बांधायचं त्याचं कामही या निर्णयावर लोंबकळत होतं, पण तो त्याबद्दल बोलला नाही. कढईतलं खरवडून खात म्हणाला, "काजळीचे कागद दाखव आणि खाली बस. गॅसचं तुला कोण विचारतंय? बंदी झाली तर तुझा फेरोवाला येणार कसा, पोहत?"

 सुन्निवा एकेका शेळीच्या गळ्यात घंटा बांधत होती. मनातून तिला सूट हवी होती. इतकी हवी होती, की हॉलमध्ये उभं राहून पानं खिशातच ठेवली तर काय होईल, हे तिने पायवाट उतरताना चार वेळा मनात घडवून पाहिलं. काहीच होणार नव्हतं. लोक टाळ्या वाजवतील, आणि पुढच्या जूनमध्ये तो धापा टाकत वर येईल, पाणी पिईल.

दुसऱ्या दिवशी तिने आधी काजळीचे कागद दाखवले, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, "पांढरा कागद म्हणजे स्वच्छ हवा असं मीही समजत होते," आणि चार पानं वाचली. आवाज एकदाच अडखळला, तिसऱ्या पानावर. तिथे समासात हानुसने चुकून पंपाच्या एका वॉशरचं माप लिहून ठेवलं होतं. वाचून झाल्यावर तिने पानांची घडी घालून खिशात ठेवली. एंब्रिक मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. बाहेर पडताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मूर्ख आहेस," म्हणाला, आणि घरापर्यंत तिच्याबरोबर चालत आला.

सूट मिळाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते जहाज आलं, पण खाडीच्या तोंडाशी, शेवटच्या भूशिराच्या पलीकडे थांबलं. प्रवासी बॅटरीच्या लहान बोटींतून आत यायचे. त्यांचे दोर एंब्रिकच बांधायचा. भूशिरापलीकडे समुद्र इतका खोल, की नांगर टाकता येत नाही. जहाज इंजिनाच्याच जोरावर जागच्या जागी धरून ठेवावं लागतं, म्हणजे इंजिनवाल्याला रजा नाही. सुन्निवाच्या दगडावरून भूशिरामागचा एक पांढरा तुकडा तेवढा दिसायचा.

"मी इथे आहे," हानुस फोनवर म्हणायचा.

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"मागचं धुरांडं आणि अर्धी होडी."

"त्याच्या सात मजले खाली बघ."

ती खरंच बघायची. कड्यावर उभी राहून, पाण्याच्या रेषेच्या खाली, पोलादाच्या आड. चौदा किलोमीटर. दक्षिणेच्या समुद्रातून तो फोन करायचा तेव्हा तिला इतकं लांब वाटलं नव्हतं. असे बुधवार आले की ती दिवसभर कड्याकडे पाठ करून कामं उरकायची आणि संध्याकाळी तो तुकडा हलायला लागला की नेमकी वळून उभी राहायची.

चार पानं कुणाच्या वहीतली, हे कंपनीला ओळखायला फार दिवस लागले नाहीत. चीज आणायला डोंगर चढणारा इंजिनियर एकच होता. त्याला काढलं नाही. फिनलंडमध्ये तुर्कूच्या गोदीत एक नवीन जहाज बांधलं जात होतं, अमोनियावर चालणारं; त्याच्या इंजिनावर त्याला पाठवलं. ही शिक्षा की बढती, हे हानुसलाही सांगता येत नव्हतं. अमोनियात कार्बन नाही, म्हणाला, नीट बनवला आणि नीट जाळला तर निसटून तापवणारं काही नाही. फक्त गळला तर माणूस मरतो. तो रोज मुखवटा चढवून सराव करत होता. जहाज दीड वर्षात तयार होणार होतं, आणि तयार झालं की खाडीत येण्याची परवानगी त्याला मिळणार होती.

दीड वर्ष गेलं. जहाज तयार झालं. अमोनिया तयार झाला नाही. वाऱ्याच्या विजेवर तो बनवणारा कारखाना अजून कागदावरच होता.

नोव्हेंबरात शेळ्या एंब्रिकवर सोपवून सुन्निवा तुर्कूला गेली. आयुष्यात इतक्या लांब ती कधी गेली नव्हती. हानुस स्टेशनवर उभा होता. केस पार पांढरे झाले होते, अंगाला सरावातल्या अमोनियाचा तिखट वास येत होता. त्याने तिला जहाज दाखवलं. इतकी मोठी वस्तू इतकी गप्प तिने कधी पाहिली नव्हती. इंजिनरूममध्ये सगळं चकचकीत, कुठे तेलाचा डाग नाही. त्याने एका नळीवर हात ठेवला, झोपलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

चार दिवस ती त्याच्या भाड्याच्या खोलीत राहिली. दोघांनी एकत्र बाजार केला, राय धान्याची भाकरी आणि मासे आणले, आणि कोण कोणत्या बाजूला झोपणार यावरून थोडी हसली. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, तुमच्या खाडीतल्या गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर जागा निघालीय. बॅटरीची बोट. पलीकडे अकरा मिनिटं, अलीकडे अकरा मिनिटं. "इंजिन म्हणून काही नाहीच तिच्यात. बटण आहे."

सुन्निवाने मासा सोलणं थांबवलं नाही. ये, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर दुसरं काहीच बाहेर पडलं नसतं. पण एक जहाज तिने त्याच्यापासून तोडलं होतं, तेही त्याच्याच हातची पानं वाचून. दुसरं कसं तोडायचं?

"तुला काय हवंय?" तिने विचारलं.

"हे एकदा चालू झालेलं ऐकायचंय," तो म्हणाला. "एकदाच. मग मी म्हातारा व्हायला मोकळा."

ती परत आली. हिवाळा गेला, शेळ्या व्याल्या, जूनमध्ये कळप वर चढला. फेरीबोटीवरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बॅटरीच्या बोटी आवाज न करता येत-जात होत्या, हवा स्वच्छ होती, आणि भूशिरामागे आता दुसऱ्याच कुठल्या जहाजाचा तुकडा दिसायचा. सुन्निवा त्याच्याकडे बघायची नाही. स्वच्छ हवेत माणसाला फार लांबवर दिसतं, आणि तिला हवं ते त्याच्याही पलीकडे होतं.

जुलैच्या अखेरीस भर दुपारी फोन वाजला. रविवार नव्हता. ती कुरणात होती, एका करडाच्या पायातला काटा काढत. पलीकडून हानुसचा श्वास ऐकू आला आणि त्याच्या मागे काहीतरी मोठं, खोल, एका लयीत चाललेलं.

"एक टँकर आला," तो ओरडून म्हणाला, कारण हळू बोलून भागणार नव्हतं. "चाळीस मिनिटं पुरेल एवढा. ऐक."

त्याने फोन इंजिनापुढे धरला असावा. सुन्निवाने करडू सोडलं. शेळ्यांनी कान टवकारले. तो आवाज तेलाच्या इंजिनासारखा खरखरीत नव्हता. जाडसर, मऊ होता. नीट जळतंय का, हे सांगण्याइतका तिचा कान तयार नव्हता. पण तो कुठेतरी त्याच्या शेजारी उभा आहे, डोळे मिटून, हे तिला त्या आवाजातूनसुद्धा दिसलं. ती गवतात बसली. 

मग तो परत फोनवर आला. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"चालतंय," तो म्हणाला.  "पुढचा टँकर कधी येईल, कुणी सांगत नाही. चाचण्या संपायला वर्ष लागेल, कदाचित दोन. पण चालतंय, सुन्निवा."

आता ती थांबली नाही. "तू ये," ती म्हणाली. "जहाजाचं काय व्हायचं ते होऊ दे. ते येईल तेव्हा येईल. तू ये."

पलीकडे इंजिन चालू होतं. तिला वाटलं, आवाजात तिचं बोलणं बुडालं असेल, आणि पुन्हा म्हणायचं धैर्य आपल्यात आहे का हे ती चाचपून पाहायला लागली.

"ऑक्टोबरपर्यंतचा करार आहे," हानुस म्हणाला. "त्याच्याआधी निघता येणार नाही."

"ऑक्टोबरात मी खालीच असते. चढायला लागणार नाही."

"चढायचं असेल तर?"

"मग जूनपर्यंत थांबावं लागेल," ती म्हणाली. "खाली. माझ्याकडे."

तो काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. सुन्निवा तशीच बसून राहिली. काटा अजून करडाच्या पायातच होता आणि ते तीन पायांवर उड्या मारत कळपात शिरलं होतं. थोड्या वेळाने ती उठली आणि त्याला शोधायला गेली.